अल्प आघाताने मोडणारे हाड : नलकास्थींतील सौम्य अर्बुदांचा निदानविचार

अस्थिभग्नाचा रुग्ण चिकित्सालयात आला म्हणजे आपले लक्ष साहजिकच मोडलेल्या हाडाकडे जाते. हाड कोठे मोडले, तुकडे किती झाले, स्थानभ्रंश किती, बंधन कसे करावे, हे प्रश्न लगेच पुढे येतात. हाड का मोडले हा प्रश्न मात्र बहुधा विचारला जात नाही, कारण त्याचे उत्तर रुग्णाने आधीच दिलेले असते. तो पडलेला असतो. पण तो किती जोराने पडला आणि तेवढ्याने निरोगी हाड मोडावे काय, एवढी एक चौकशी अधिक केली तर काही रुग्णांच्या बाबतीत निदानाची दिशाच बदलते. अशा रुग्णांत भग्न हा मूळ व्याधी नसतो. हाडात आधीपासून वाढत असलेल्या विकृतीचे ते पहिले प्रकट लक्षण असते.

या विकृतींपैकी बऱ्याच सौम्य जातीच्या असतात. त्या जिवावर बेतत नाहीत, पण हाड आतून पोखरतात. प्रस्तुत लेखात नलकास्थींतील अशा सौम्य अर्बुदांचे व अर्बुदसदृश विकारांचे निदान सर्वसाधारण वैद्यक व्यावसायिकाने कोणत्या क्रमाने करावे, याचा विचार आम्ही करीत आहोत. शस्त्रक्रियेचा तपशील हा या लेखाचा विषय नाही. संशय कधी घ्यावा, क्ष-किरण चित्रात काय पाहावे आणि निदान निश्चित होईपर्यंत काय टाळावे, एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित आहे.

संहितेतील आधार आणि त्याची मर्यादा

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पंधराव्या अध्यायात भग्ननिदान आले आहे. तेथे संधिमुक्ताचे सहा व कांडभग्नाचे बारा प्रकार वर्णिले असून पतन, पीडन, प्रहार इत्यादी हेतू सांगितले आहेत. अस्थींच्या पाच प्रकारांपैकी तरुणास्थी वाकतात आणि नलकास्थी मोडतात, हा भेदही आचार्यांनी नोंदविला आहे. त्याच निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन आहे. अर्बुद हळूहळू वाढते, खोल मूळ धरते आणि पाक पावत नाही, ही त्याची ओळख आजही चिकित्सकाला उपयोगी पडते. सूत्रस्थानात अस्थिप्रदोषज विकारांत अध्यस्थीचा उल्लेख येतो.

तथापि अस्थीच्या आत, मज्जेच्या स्थानी राहून बाहेर न दिसणाऱ्या पोकळीचे किंवा अर्बुदाचे स्वतंत्र वर्णन संहितेत शोधणे हा अट्टहास ठरेल. जिवंत माणसाच्या हाडाच्या आत डोकावण्याचे साधन १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतरच उपलब्ध झाले. संहितेने आपल्याला हेतू आणि व्याधी यांचे प्रमाण ताडून पाहण्याची दृष्टी दिली आहे. हेतू अल्प आणि व्याधी मोठा असेल तर शरीरात काही पूर्वविकृती असली पाहिजे, हे तर्कशास्त्र आपलेच आहे. ते भग्नाच्या रुग्णाला लावावे, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

हाड आतून दुर्बल कसे होते

नलकास्थी ही रचनेने पोकळ नळी आहे. तिचे बळ प्रामुख्याने बाहेरच्या घन कवचात असते. आतील मज्जास्थानी अर्बुद किंवा द्रवाने भरलेली पोकळी वाढू लागली की ती या कवचाला आतून कुरतडते. बाहेरून हाताला काही लागत नाही, वेदनाही पुष्कळदा नसतात. परंतु कवच जेथे पातळ होते तेथे सर्व ताण एकवटतो. असे हाड सरळ भार काही काळ सहन करते, पिळवटणारा जोर मात्र सहन करू शकत नाही. म्हणूनच चेंडू फेकताना दंडाचे हाड मोडते, अंगणात साधे घसरल्यावर मांडीचे हाड मोडते आणि घरच्यांना त्याचा उलगडा होत नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. साध्या क्ष-किरण चित्रात हाडाचा क्षय दिसू लागतो तो त्या भागातील खनिजांश साधारण ३० ते ५० टक्के घटल्यानंतरच. त्यामुळे सुरुवातीच्या काळात घेतलेले चित्र निर्दोष दिसले तरी वेदना टिकून राहिल्यास तेवढ्यावर समाधान मानू नये.

इतिहास घेताना विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न आघाताच्या प्रमाणाचा. झाडावरून किंवा वाहनावरून पडून मोडलेले हाड आणि अंथरुणावर कूस बदलताना मोडलेले हाड ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. रुग्ण व नातेवाईक आघाताचे वर्णन नकळत वाढवून सांगतात, कारण मोठ्या इजेला मोठे कारण असावे असे सर्वांनाच वाटते. म्हणून किती उंचीवरून, कोणत्या जमिनीवर, कोणत्या अंगावर पडला, हे शांतपणे विचारून घ्यावे.

दुसरा प्रश्न भग्नापूर्वीच्या वेदनेचा. पडण्यापूर्वी काही आठवडे त्याच जागी ठसठस होती काय, रात्री झोपमोड होत होती काय, चालताना अंग झुकत होते काय? साध्या अस्थिपुटकात पूर्ववेदना बहुधा नसते. पूर्ववेदना, विशेषतः विश्रांतीतही न थांबणारी व रात्री वाढणारी, असल्यास अधिक आक्रमक विकृतीचा विचार आधी करावा.

तिसरा प्रश्न पूर्वीच्या भग्नाचा. तेच हाड त्याच जागी पूर्वी मोडले होते काय? चौथा प्रश्न सर्वदैहिक लक्षणांचा, म्हणजे ज्वर, वजन घटणे, अरुची, थकवा, मूतखडा, वारंवार लघवी, अन्यत्र असलेली गाठ किंवा पूर्वी झालेला कर्करोग. पाचवा प्रश्न यापूर्वी झालेल्या उपचारांचा. मर्दन, शेक, अग्निकर्म, सुईने द्रव काढणे यांपैकी काही झाले असल्यास ते तारखेसह नोंदवून ठेवावे. पुढच्या तज्ज्ञाला त्याचा फार उपयोग होतो.

परीक्षण करताना

भग्न झालेला अवयव आहे त्या स्थितीत आधार देऊनच तपासावा. दुखऱ्या भागाची उष्णता, सूज, त्वचेवरील ठळक शिरा, गाठीचा कठीणपणा व सीमा पाहाव्यात. लगतच्या सांध्याची हालचाल, दूरच्या भागातील नाडी व संवेदना तपासाव्यात. दंडाचे हाड मोडले असल्यास मनगट वर उचलता येते की नाही हे अवश्य पाहावे, कारण तेथील मज्जातंतू हाडाला लागूनच जातो. अंगावर कॉफीच्या रंगाचे मोठे डाग, हातापायांच्या लांबीतील फरक, बोटांवरील अनेक गाठी, यांकडेही नजर टाकावी. यांतील एकेक खूण पुढे निदानाची किल्ली ठरते.

क्ष-किरण चित्र वाचताना चार गोष्टी

हाडातील विकृती दिसली की नाव काय असावे याचा शोध लगेच सुरू होतो. आमच्या मते नावाआधी चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात. त्या पाहिल्यावर संभाव्य नावांची यादी आपोआप लहान होते.

पहिली गोष्ट वय. पहिल्या दोन दशकांत अस्थिपुटके व तंतुमय विकृती अधिक आढळतात. २० ते ४० या वयात महाकोशिका अर्बुद, म्हणजे जायंट सेल ट्यूमर, आठवावे. चाळिशीनंतर हाड खाणारी नवी विकृती दिसल्यास अन्यत्रच्या कर्करोगाचा प्रसार किंवा मल्टिपल मायलोमा नाही हे सिद्ध होईपर्यंत तिला सौम्य म्हणू नये.

दुसरी गोष्ट हाडातील स्थान. नलकास्थीचे टोक, टोकालगतचा रुंद भाग आणि मधला दंड यांना अनुक्रमे एपिफायसिस, मेटाफायसिस आणि डायफायसिस म्हणतात. विकृती यांपैकी कोठे आहे, हाडाच्या मध्यभागी आहे की एका बाजूस, सांध्याच्या पृष्ठभागाला भिडली आहे काय, हे पाहावे.

तिसरी गोष्ट सीमा. विकृतीभोवती पांढरी, रेखीव कड असेल तर ती मंद गतीने वाढत असून शेजारच्या हाडाला प्रतिकार करण्यास वेळ मिळाला आहे, असे समजावे. सीमा पुसट असेल, वाळवीने खाल्ल्यासारखी असंख्य छिद्रे असतील, तर गती जलद आहे. लॉडविक यांनी १९८० मध्ये मांडलेले वर्गीकरण याच तत्त्वावर उभे आहे. सीमेवरून वाढीची गती कळते. नाव मात्र केवळ तिच्यावरून ठरत नाही.

चौथी गोष्ट हाडाचे आवरण व बाहेरील मांस. भग्न नसतानाही आवरणाचे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर, सूर्यकिरणांसारख्या रेषा किंवा हाडाबाहेर मांसल गोळा दिसल्यास तो रुग्ण त्याच दिवशी पुढे पाठवावा. भग्न झाल्यानंतर काही आठवड्यांनी घेतलेल्या चित्रात नवे हाड तयार होतच असते आणि त्यामुळे वाचन अवघड होते. म्हणून भग्नाच्या दिवशीचे पहिले चित्र जपून ठेवण्यास रुग्णाला सांगावे.

चित्र नेहमी दोन दिशांनी घ्यावे आणि त्यात हाडाचे वरचे व खालचे दोन्ही सांधे यावेत. नुसत्या मोडलेल्या जागेच्या चित्रात विकृतीचा अर्धा भाग चौकटीबाहेर राहून जातो.

भग्न घडविणारे प्रमुख सौम्य विकार

साधे अस्थिपुटक. द्रवाने भरलेली ही पोकळी साधारण ५ ते १५ या वयात आढळते. मुलींपेक्षा मुलांत तिचे प्रमाण सुमारे दुप्पट असते. दंडाच्या हाडाचा वरचा भाग आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग ही तिची आवडती स्थाने होत. चित्रात ती मेटाफायसिसमध्ये, हाडाच्या मध्यभागी, पातळ कवचाची दिसते. बहुसंख्य मुलांत तिचा शोध भग्नानंतरच लागतो. भग्नानंतर कवचाची एखादी चकती सुटून द्रवातून खाली जाऊन पोकळीच्या तळाशी बसलेली दिसते. ही खूण दिसली तर आत घन अर्बुद नसून द्रव आहे, हे बहुतांशी निश्चित होते. पुटक वाढपट्टीला चिकटून असेल तर ते सक्रिय समजतात. मूल वाढते तसे ते वाढपट्टीपासून दूर सरकते व मंदावते.

रक्तपूर्ण अस्थिपुटक. १९४२ मध्ये जॅफे व लिक्टेनस्टाइन यांनी याला स्वतंत्र ओळख दिली. हेही बहुधा विशीच्या आत होते. मात्र ते हाडाच्या एका बाजूस असते, हाडाला फुग्यासारखे फुगविते, वेदना व सूज उत्पन्न करते आणि झपाट्याने वाढू शकते. एमआरआयमध्ये आतील रक्ताचे थर आडव्या पातळ्यांच्या रूपाने दिसतात. पण अशाच पातळ्या एका जातीच्या ऑस्टिओसार्कोमातही दिसतात. म्हणून येथे ऊतीपरीक्षणाशिवाय निदान पूर्ण होत नाही.

अस्थिरहित तंतुअर्बुद. मुलांच्या गुडघ्याभोवती, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ किंवा नडगीच्या हाडात, कवचालगत एका बाजूस ही विकृती असते. कड पांढरी व नागमोडी असते. ती बहुधा अन्य कारणाने घेतलेल्या चित्रात अकस्मात सापडते आणि वयात येता येता स्वतःच भरून निघते. हाडाच्या रुंदीचा निम्म्याहून अधिक भाग व्यापला असेल तर भग्नाची शक्यता वाढते व निरीक्षण आवश्यक ठरते. एरवी तिला हात लावण्याचे कारण नसते. अशा मुलाच्या पालकांना भयभीत करणे हाही निदानाचा दोषच होय.

तंतुमय अस्थिविकृती. येथे सामान्य हाडाच्या जागी तंतू व अपरिपक्व हाड यांचे मिश्रण तयार होते. चित्रात तो भाग धुरकट काचेसारखा दिसतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात वारंवार सूक्ष्म भग्ने होऊन हाड धनगराच्या आकडीकाठीसारखे वाकते. एकापेक्षा अधिक हाडे बाधित असून त्वचेवर तपकिरी डाग व अकाली वयात येणे ही लक्षणे असतील तर मॅक्यून-आल्ब्राइट विकार समजावा व अंतःस्रावी ग्रंथींची तपासणी करावी. याचे मूळ जीएनएएस नामक जनुकातील बदलात आहे. तो बदल आनुवंशिक नसतो. हे पालकांना आवर्जून सांगावे, कारण दोष कुणाच्या कुळाचा, हा प्रश्न घरात उठतोच.

कूर्चार्बुद. हाडाच्या आत वाढणारे हे कूर्चेचे अर्बुद हातांच्या बोटांच्या लहान नलकास्थींत सर्वाधिक आढळते. किरकोळ ठेच लागून बोटाचे हाड मोडले आणि चित्रात रेखीव पोकळी व तीत ठिपके दिसले, तर हेच संभाव्य. मांडी किंवा दंडाच्या हाडात ते असून प्रौढ वयात नव्याने दुखू लागले, तर मात्र घातक बदलाचा संशय धरून तज्ज्ञाकडे पाठवावे. अनेक हाडांत कूर्चार्बुदे असलेल्या ओलिये विकारात, आणि त्यासोबत रक्तवाहिन्यांच्या गाठी असलेल्या माफुची विकारात, अशा बदलाची शक्यता अधिक असते.

महाकोशिका अर्बुद. वाढपट्ट्या बंद झाल्यानंतर, बहुधा २० ते ४० या वयात, हे होते. मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीच्या हाडाचे वरचे टोक आणि मनगटाजवळचे रेडियसचे टोक ही नेहमीची स्थाने. विकृती एका बाजूस असून सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचलेली असते आणि तिच्याभोवती पांढरी कड बहुधा नसते. वर्गीकरणात याची गणना आता निव्वळ सौम्यांत न करता मधल्या श्रेणीत करतात, कारण ते स्थानिक नाश पुष्कळ करते, काढल्यानंतर पुन्हा उद्भवू शकते आणि थोड्या रुग्णांत फुप्फुसातही जाते. म्हणून छातीचे चित्र घेतल्याशिवाय तपासणी पूर्ण मानू नये.

या अर्बुदाबाबत वैद्यवर्गाने विशेष सावध राहावे. तिशीतील व्यक्तीचा एकच गुडघा काही महिने दुखतो, हाडाच्या टोकाशी सूज असते, आणि संधिवात समजून तैलमर्दन, जानुबस्ती, शेक यांचा क्रम सुरू राहतो. तरुण वयात, एकाच सांध्यालगत, हाडालाच सूज असेल तर स्नेहन-स्वेदनापूर्वी क्ष-किरण चित्र घ्यावे, हा नियम प्रत्येक चिकित्सालयाने स्वीकारावा असे आम्हांस वाटते.

सौम्याचे सोंग घेणारे विकार

काही विकार चित्रात सौम्य अर्बुदासारखे दिसतात, पण त्यांची वाट निराळी असते. यांतील सर्वांत महत्त्वाचा म्हणजे परावटू ग्रंथींचा अतिस्राव. या विकारात हाडांतील खनिज ओढले जाते आणि जागोजागी तपकिरी अर्बुदे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखालीही ती महाकोशिका अर्बुदासारखीच दिसतात. केवळ ऊतीपरीक्षणावर विसंबून हाड खरवडले आणि मूळ ग्रंथी गळ्यात तशीच राहिली, तर रुग्ण पुन्हा मोडलेले हाड घेऊन येतो. हा अनर्थ रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज व पॅराथायरॉइड हार्मोन या चार तपासण्यांनी टळतो. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढत्या वयातील मुलांत स्वभावतःच अधिक असते, याचे भान अहवाल वाचताना ठेवावे.

अस्थिमज्जेचा जंतुसंसर्ग व क्षयरोग हेही आपल्या देशात विसरता येणार नाहीत. ज्वर, रक्तपेशींची संख्या, ईएसआर व सीआरपी यांचा तेथे उपयोग होतो. मात्र ईविंग सार्कोमातही ज्वर व वाढलेला ईएसआर आढळतो, हे स्मरणात ठेवावे. चाळिशीनंतर रक्तगणना, क्रिएटिनिन आणि सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करावे, तसेच स्तन, फुप्फुस, थायरॉइड, वृक्क व पुरुषांत प्रोस्टेट यांची तपासणी करावी.

ऊतीपरीक्षण : घाई व दिरंगाई दोन्ही नकोत

साधे अस्थिपुटक किंवा अस्थिरहित तंतुअर्बुद यांचे चित्र नमुनेदार असेल तर अनुभवी तज्ज्ञ ऊतीपरीक्षणाशिवायही निदान करतो. जेथे शंका आहे तेथे एमआरआय प्रथम आणि ऊतीपरीक्षण नंतर, हा क्रम असावा. सुई किंवा छेद घालण्याची जागा पुढील शस्त्रक्रियेच्या रेषेतच असावी लागते, कारण विकृती घातक निघाल्यास तो मार्गही काढून टाकावा लागतो. भलत्या जागी घातलेल्या छेदामुळे वाचू शकणारा अवयव गमवावा लागतो. त्यामुळे जो शल्यविद पुढील शस्त्रक्रिया करणार त्यानेच किंवा त्याच्या सल्ल्याने हे परीक्षण व्हावे. निदानापूर्वी मोडलेल्या हाडात सळई घालण्याची घाईही अशीच घातक ठरू शकते. अर्बुद घातक असल्यास सळई त्याच्या पेशी संपूर्ण मज्जापोकळीत पसरविते.

भरून येणाऱ्या भग्नातील कोवळे हाड सूक्ष्मदर्शकाखाली घातक अर्बुदाचा भास निर्माण करू शकते. म्हणून विकृतितज्ज्ञाकडे नुसता नमुना न पाठविता क्ष-किरण चित्रे, वय, स्थान व भग्नाची तारीखही पाठवावी. अस्थिअर्बुदाचे निदान शल्यविद, क्ष-किरणतज्ज्ञ व विकृतितज्ज्ञ या तिघांनी एकत्र बसून करावयाचे असते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अस्थिरोग विभाग, तसेच १९४१ पासून कार्यरत असलेले मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, येथे अशा रुग्णांना पाठविता येते.

वैद्याची भूमिका

संशयित रुग्णात आपले पहिले काम अवयव स्थिर करण्याचे आहे. बांबू, उंबर, अर्जुन इत्यादींच्या साली किंवा पट्ट्यांचा कुशबंध संहितेने सांगितलाच आहे. आज उपलब्ध असलेली कोणतीही योग्य फळी त्याच तत्त्वाने वापरावी, अवयव आहे त्या स्थितीत बांधावा आणि रुग्णास चिठ्ठीसह पुढे पाठवावे. निदान निश्चित होईपर्यंत त्या भागावर मर्दन, ओढून बसविणे, घट्ट शेक, अग्निकर्म, विद्धकर्म, रक्तमोक्षण यांपैकी काहीही करू नये. पोखरलेले हाड चोळण्याने अधिक मोडते, आणि विकृती घातक असल्यास गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. परिसरातील हाडवैद्यांशी आपला संबंध असतो. त्यांनाही हा नियम विश्वासात घेऊन सांगावा. अल्प आघाताने मोडलेले हाड चित्र पाहिल्याशिवाय बसवू नये, एवढे त्यांना पटले तरी पुष्कळ साधेल.

निदानानंतर आयुर्वेदीय चिकित्सेला वाव आहे. अग्निरक्षण, बृंहण आहार, दूध-तूप, भग्नसंधानासाठी परंपरेने योजिलेली अस्थिशृंखला, लाक्षा, अर्जुन इत्यादी द्रव्ये तज्ज्ञाच्या उपचारांसोबत, त्यांना कळवून द्यावीत. पण येथे एक भ्रम निर्माण होण्याचा संभव असतो. वाढत्या वयात एका महिन्यात, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व वार्धक्यात तिप्पट काळात भग्न जुळते, असा कालनिर्देश सुश्रुताचार्यांनी केला आहे. साध्या अस्थिपुटकातील भग्नही नेहमीच्याच गतीने जुळते. समजा, ११ वर्षांच्या मुलाचा दंड मोडला, लाक्षादि गुग्गुळ दिला, सहा आठवड्यांत हाड जुळले आणि हात पूर्ववत हलू लागला. औषधास यश आले असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात जुळले ते भग्न. पोकळी बहुतेक वेळा तशीच राहते. भग्नानंतर पुटक पूर्णपणे भरून येणे हे थोड्याच मुलांत घडते. पुढच्या वर्षी तोच हात पुन्हा मोडतो. म्हणून हाड जुळल्यानंतरही चित्र घ्यावे, पोकळीचे माप नोंदवावे आणि ठरावीक अंतराने ते पडताळत राहावे. औषधाने अर्बुद विरघळते असे आश्वासन कोणीही देऊ नये.

प्रवाळ, शंख, शौक्तिक, कुक्कुटांडत्वक् या भस्मांत कॅल्शियम मोठ्या प्रमाणात असते. हाड मोडले म्हणून ती सरसकट दिली जातात. रक्तातील कॅल्शियम आधीच वाढलेले असल्यास ती अपायकारक होतील. अकारण भग्न झालेल्या प्रौढ रुग्णात कॅल्शियमची तपासणी आधी आणि भस्मे नंतर, हा क्रम पाळावा.

औषधालयचालकांस

रुग्ण वैद्याकडे येण्यापूर्वी पुष्कळदा औषधालयाच्या पायरीवर येतो. एकाच मुलासाठी महिनोन्‌महिने वेदनाहर तेल नेणारे पालक, रात्रीच्या वेदनेसाठी एकच वेदनाशामक गोळी पुनःपुन्हा मागणारा तरुण, गुडघ्याच्या एकाच बाजूस लेप लावणारी तिशीतील गृहिणी, ही गिऱ्हाइके आपल्या परिचयाची असतात. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नामक लहानशा सौम्य अर्बुदात रात्री वाढणारी वेदना ॲस्पिरिनसदृश गोळीने लक्षणीयरीत्या शमते, आणि म्हणूनच निदान लांबते. अशा गिऱ्हाइकास पुढची बाटली देण्यापूर्वी 'एकदा फोटो काढून घ्या' एवढे सांगावे. मुलांना ॲस्पिरिन तर स्वतःच्या मताने कधीही देऊ नये. या एका वाक्याने विक्री थोडी घटेल, पण गावाचा औषधालयावरील विश्वास वाढेल.

सारांश

आघात व भग्न यांचे प्रमाण जुळत नसेल तर हाडातील विकृती शोधावी. चित्रात वय, स्थान, सीमा व आवरण या क्रमाने विचार करावा. चाळिशीनंतर सौम्य हा शब्द उच्चारण्यापूर्वी घातक विकार वगळावेत. कॅल्शियम व पॅराथायरॉइड हार्मोन तपासल्याशिवाय महाकोशिका अर्बुदाचे निदान अंतिम मानू नये. निदान होईपर्यंत हाडास आधार द्यावा, मर्दन करू नये. आणि भग्न जुळले म्हणजे व्याधी गेला असे न मानता पोकळीचा पाठपुरावा करावा.

नमुनेदार सौम्य विकृतीत घरच्यांना धीर द्यावा आणि संशयास्पद विकृतीत एकही दिवस दवडू नये. या दोहोंतील विवेक क्ष-किरण चित्र व चौकशी यांवर अवलंबून आहे. त्यासाठी लागणारी साधने आज तालुक्याच्या गावीही उपलब्ध आहेत. भग्नाच्या प्रत्येक केसपेपरवर आघाताचे प्रमाण एका ओळीत लिहिण्याची सवय वैद्यबंधू-भगिनींनी लावून घ्यावी, अशी विनंती करून हा लेख आम्ही पूर्ण करतो.